आधी ड्रायव्हर बघा, मग कर्नल ठरवा

यावेळी लिनक्सची पत्रं बरीच आलीत आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकाच जागी अडकलेली दिसली. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः कंपाईल केला, म्हणजे सोर्सवरून आपल्या मशीनवर बनवला, तो झालाही, पण स्क्रीन काळी. म्हणून या महिन्याचं अख्खं सदर त्यालाच देतोय. पहिलं पत्र सगळ्यात मोठं आहे आणि त्याचं उत्तरही लांबलंय, पण ते नीट वाचलंत तर पुढच्या पत्रांतलं अर्धं तिथेच सुटेल.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला चौघं मिळून रूमवर राहतो. माझ्या डेस्कटॉपला जीटीएक्स १६५० कार्ड आहे, सेकंडहँड घेतलेलं, आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. उबंटू २४.०४ वर सगळं मस्त चालू होतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिनी प्रोजेक्टसाठी ६.१२ कर्नल उतरवून कंपाईल केला, मेक, मग मॉड्यूल्स इन्स्टॉल, मग इन्स्टॉल, कुठेही एरर नाही. रिबूट केलं तर काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकतोय. जुन्या कर्नलवर गेलो की सगळं नीट. कोणीतरी म्हणालं डीकेएमएसवालं पॅकेज टाक, ते टाकलं तर म्हणतं हेडर्स सापडत नाहीत. मधे डिस्क भरली होती म्हणून सोर्सचं फोल्डर मी उडवलं होतं, त्याचा काही संबंध आहे का? आणि आता परत दोन तास कंपाईल करत बसायचं का?

उत्तर : संबंध आहे. आणि हो, परत कंपाईल करावं लागेल, पण दोन तास लागणार नाहीत, ते पुढे सांगतो.

आधी झालं काय ते समजून घे, कारण हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर पुरतं. इंटेलचा आणि एएमडीचा ग्राफिक्स ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच असतो, तू कर्नल कंपाईल केलास की तोही त्याच्याबरोबर होतो, दोघं एकाच घरातले. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरचा. त्याचे दोन भाग असतात, एक वरच्या लायब्रऱ्या आणि दुसरं कर्नलमध्ये जाऊन बसणारं मॉड्यूल, आणि हे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बनवलंय त्याच कर्नलला चालतं. ६.८ साठी बनवलेलं ६.१२ ला चालत नाही, इतकंच काय, त्याच ६.१२ चं कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, बदलून नव्या नावाने कर्नल बनवलास तर त्यालाही परत बनवावं लागतं.

असं का, तर कर्नलवाल्यांनी बाहेरच्या जगाला एक शब्द दिलेला आहे की जुने प्रोग्राम नव्या कर्नलवर चालले पाहिजेत, आणि तो ते कसोशीने पाळतात. पण कर्नलच्या पोटातल्या गोष्टींबद्दल असा कुठलाही शब्द नाही. फंक्शनचं नाव, त्याला काय द्यायचं, स्ट्रक्चरमध्ये काय आहे, हे कधीही बदलू शकतं, आणि जो बदलतो तोच सोर्समधल्या सगळ्या ड्रायव्हर्समध्ये तो बदल करून देतो. बाहेरच्या ड्रायव्हरचं त्याच्या मालकाने बघायचं. एक उदाहरण देतो म्हणजे कळेल किती छोट्या गोष्टीवर गाडी अडते. पीडीई-डेटा नावाचं एक फंक्शन होतं, नाव कॅपिटल अक्षरांत. ५.१७ कर्नलमध्ये तेच नाव स्मॉल अक्षरांत केलं. बस, एवढंच. आणि त्यावर्षी बाहेरचे कितीतरी जुने ड्रायव्हर ५.१७ वर कंपाईल व्हायचे बंद झाले. मग ६.३ ला मेमरीच्या एका स्ट्रक्चरमधले फ्लॅग्स थेट बदलायला बंदी आली, त्यासाठी वेगळं फंक्शन दिलं, परत तीच कथा. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, की कर्नल कंपाईल करणं आता अवघड राहिलेलं नाही, अवघड आहे ते बाहेरच्या ड्रायव्हरला त्याच्याबरोबर नांदवणं. त्यामुळे आधी तुमच्या कार्डाला कुठला ड्रायव्हर लागतो ते बघा, तो ड्रायव्हर कुठल्या कर्नलपर्यंत चालतो ते बघा, आणि मग कर्नल ठरवा. आपण उलटं करतो, सगळ्यात नवा कर्नल उचलतो आणि मग ड्रायव्हरच्या मागे पळतो.

आता तुझ्या मशीनवर नेमकं काय झालं ते. उबंटूमध्ये ॲडिशनल ड्रायव्हर्समधून एनव्हिडिया टाकला की कित्येकदा उबंटूने आधीच बनवून सही करून ठेवलेलं मॉड्यूल येतं, तुझ्या मशीनवर काही कंपाईल होतच नाही. ते मॉड्यूल उबंटूच्या स्वतःच्या कर्नलसाठी असतं. तू बनवलेल्या कर्नलसाठी ते कोण बनवणार? कोणीच नाही. त्यात एनव्हिडियाचं पॅकेज नूवोला, म्हणजे एनव्हिडिया कार्डांसाठी कर्नलमध्येच असलेल्या मोकळ्या ड्रायव्हरला, ब्लॅकलिस्ट करून ठेवतं, म्हणजे तोही उठत नाही. कार्ड आहे, मॉनिटर आहे, कर्नल उठलाय, पण डेस्कटॉप दाखवायला कोणी नाही, म्हणून लुकलुकणारा कर्सर. मशीन मेलेलं नसतं. त्या काळ्या स्क्रीनवर कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून बघ, बहुतेक लॉगिन येईल.

डीकेएमएस हे यावरचं औषध आहे. डेलच्या लोकांनी ते पहिल्यांदा बनवलं. ते ड्रायव्हरच्या मॉड्यूलचा सोर्स मशीनवर ठेवतं आणि नवा कर्नल आला की त्याच्यासाठी मॉड्यूल आपोआप बनवतं. पण बनवायला त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्याच्या पोटातली फंक्शन्स आणि स्ट्रक्चर्स कशी आहेत ते सांगणाऱ्या फाइली, लागतात. तू मॉड्यूल्स इन्स्टॉल केलंस तेव्हा लिब-मॉड्यूल्सच्या आत ६.१२ च्या फोल्डरात बिल्ड नावाची एक लिंक तयार झाली, ती लिंक तुझ्या सोर्सच्या फोल्डरकडे बोट दाखवते, आणि ते फोल्डर तू उडवलंस. आता ती लिंक रिकाम्या जागेकडे बोट दाखवतीये. म्हणून हेडर्स सापडत नाहीत.

तर आता असं कर. जुन्या कर्नलवर बूट हो, ग्रबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या मेन्यूत, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये तो असतोच, आणि तो जुना कर्नल कधीच काढू नकोस, हे अगदी पक्कं लक्षात ठेव. सोर्स परत उतरव. उबंटूचं चालू कॉन्फिग बूट फोल्डरात असतं, ते सोर्समध्ये डॉट-कॉन्फिग नावाने कॉपी कर, आणि मग मेक लोकलमॉडकॉन्फिग चालव. ही कमांड आत्ता मशीनवर कुठली मॉड्यूल्स लोड झालीयेत ते बघते आणि बाकीची हजारो काढून टाकते, त्यामुळे दोन तासांचं काम आठ कोअरच्या मशीनवर दहा-पंधरा मिनिटांवर येतं. नवे प्रश्न विचारेल, काही कळलं नाही तर एंटर दाब.

फक्त ही कमांड चालवायच्या आधी तुझ्याकडे जे जे काही आहे ते सगळं मशीनला लाव, पेनड्राइव्ह लाव आणि उघडून बघ, वायफायचा डोंगल लाव, हेडफोन, वेबकॅम, मोबाईलची केबल, सगळं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पेनड्राइव्ह लावला नव्हता. कर्नल सुंदर उठला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लायंटकडे जायच्या आधी प्रेझेंटेशन कॉपी करायला पेनड्राइव्ह घातला तर तो दिसेचना, कारण त्याचं मॉड्यूलच कर्नलमध्ये नव्हतं. रिबूट करून जुन्या कर्नलवर गेलो तेव्हा काम झालं. जुना कर्नल ठेव म्हणतो ते यासाठीच.

मग दोन गोष्टी कॉन्फिगमध्ये बदल. सिस्टिम ट्रस्टेड कीज आणि सिस्टिम रिव्होकेशन कीज, या दोन्हीत उबंटूच्या सर्टिफिकेट फाइलचं नाव असतं, ती फाइल तुझ्याकडे नाही, त्यामुळे सुरुवातीलाच नो रूल टू मेक टार्गेट म्हणून अडतं. ही दोन्ही रिकामी कर. पहिल्यावेळी तू हे केलंच असशील, पण इतर वाचकांसाठी सांगतो, निम्मे लोक इथेच हात टेकतात. दुसरं म्हणजे डीबग इन्फो बंद कर. ते चालू असलं की बिल्डचं फोल्डर वीस जीबीच्या वर सहज जातं, तुझी डिस्क भरली ती त्यानेच.

यानंतर नुसतं मेक न करता मेक बिनडेब-पीकेजी कर. त्यासाठी डेबहेल्पर पॅकेज आधी टाकावं लागतं. यातून डेब फाइली, म्हणजे उबंटूची इन्स्टॉल करायची पॅकेजेस, तयार होतात, एक कर्नलची आणि एक हेडर्सची. दोन्ही डीपीकेजीने टाक. हेडर्सचं पॅकेज आलं की ती बिल्डची लिंक पक्क्या जागेकडे जाते, मग सोर्सचं फोल्डर खुशाल उडव. नाव देताना लोकलव्हर्जनमध्ये स्वतःचं काहीतरी टाक, डॅश-प्रोजेक्ट वगैरे, म्हणजे कुठल्या कर्नलवर आहेस हे युनेम केल्यावर लगेच कळेल. आणि तू टाकलेला ड्रायव्हर ५५० असेल तर डीकेएमएसचं पॅकेजही ५५० चंच पाहिजे, एकाचं एक आणि दुसऱ्याचं भलतंच असं नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रिबूट करायची घाई करू नकोस. आधी डीकेएमएस स्टेटस बघ. एनव्हिडियाच्या ओळीत तुझ्या नव्या कर्नलचं पूर्ण नाव आणि पुढे इन्स्टॉल्ड असं आलं पाहिजे. नुसतं ॲडेड असेल तर बनलेलं नाही. मग मॉडइन्फोला डॅश के देऊन नव्या कर्नलचं नाव दे आणि एनव्हिडिया विचार, जी यादी येते त्यात व्हरमॅजिक नावाची एक ओळ असते, तिच्यात तुझ्या कर्नलचं नाव अक्षरन्अक्षर जुळलं पाहिजे. जुळलं की कर रिबूट. नाही बनलं तर व्हार-लिब-डीकेएमएसच्या आत एनव्हिडियाच्या फोल्डरात, बिल्डमध्ये मेक डॉट लॉग नावाची फाइल असते, ती उघड आणि शेवटून वर वाचू नकोस, पहिला एरर शोध. तिथे इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन असं दिसलं तर समज की कर्नलने ते फंक्शन काढलंय किंवा नाव बदललंय आणि ड्रायव्हर जुना पडलाय. मग नवा ड्रायव्हर घे किंवा एक पायरी जुना कर्नल घे, त्या फाइलीत स्वतः खुडबुड करत रात्र घालवू नकोस.

एक छोटी गोष्ट राहिली. गुरुवारी कंपाईल लावू नकोस, दुरुस्तीसाठी लाइट जायचा आपल्याकडचा वार तो. डेस्कटॉप मधेच बंद झाला तर मेक जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं हे खरं, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली एखादी ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटची राहते, आणि मेकला वाटतं ही झालेली आहे. मग अगदी शेवटी लिंक करताना भलताच एरर येतो. एररमध्ये जी फाइल दिसेल तेवढी उडवायची आणि परत मेक.

प्रश्न : सर, आम्ही दोघं मित्र वाद घालतोय. तो म्हणतो स्वतः कंपाईल केलेला कर्नल खूप फास्ट असतो, प्रत्येकाने केलाच पाहिजे. मी म्हणतो काही फरक पडत नाही. तुमचं मत? (पिंपळे सौदागर)

उत्तर : वेगासाठी करायचा असेल तर तुमचं बरोबर. रोजच्या कामात फरक जाणवत नाही, बूट होताना फार तर एक-दोन सेकंद. डिस्ट्रोच्या, म्हणजे उबंटू-डेबियनसारख्या तयार लिनक्सच्या, कर्नलमध्ये हजारो ड्रायव्हर असले तरी ते मॉड्यूल म्हणून डिस्कवर पडून असतात, वापरले नाहीत तर मेमरी खात नाहीत.

पण तुमच्या मित्राचा उत्साह मला मोडायचा नाहीये. हार्डवेअर इतकं नवं आहे की डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हरच नाही, किंवा एखादा पॅच लावायचाय, किंवा फक्त शिकायचंय, तर जरूर करावा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ०.०१ सोडला तेव्हा तो दहा हजार ओळींच्या आसपास होता, माणूस बसून वाचू शकेल एवढा. त्याच वर्षी आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक उभा केला होता. आज कर्नल तीन कोटी ओळींच्या वर गेलाय, सगळा कोणीच वाचत नाही, पण मेन्युकॉन्फिग, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायचा मेन्यू, उघडून एकेक पर्यायाची मदत वाचत तासभर बसलं तर कॉम्प्युटरच्या पोटात काय काय चालतं याची जी जाणीव होते ती वर्गात बसून होत नाही. नवं हार्डवेअर एवढंच कारण असेल तर मात्र आधी उबंटूचा एचडब्ल्यूई कर्नल किंवा डेबियनचं बॅकपोर्ट्स बघा, तिथे नवा कर्नल आयता मिळतो आणि हेडर्ससकट मिळतो.

प्रश्न : माझं ॲनिमेशनचं काम आहे, औंधला छोटा स्टुडिओ. नवीन रेडिऑन कार्ड घेतलं, मशीनवर डेबियन १२ आहे. त्याचा ६.१ कर्नल कार्ड ओळखत नव्हता म्हणून ६.१२ कंपाईल केला. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो असं सगळीकडे ऐकलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. तरी स्क्रीन मोठ्या चौकटींची, कमी रेझोल्यूशनची, आणि ब्लेंडर रांगतंय. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या यादीत, डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल्ड विथ एरर मायनस टू असं काहीतरी दिसतं. कार्ड खराब निघालं का? दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.

उत्तर : कार्ड बहुतेक ठणठणीत आहे, दुकानदाराशी वाद घालू नका. मायनस टू म्हणजे फाइल सापडली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे एएमडीजीपीयू, २०१५ पासून, ४.२ पासून कर्नलमध्ये आहे हे अगदी खरं. पण ड्रायव्हर एकटा पुरत नाही. कार्डाच्या आत छोटे छोटे प्रोसेसर असतात, त्यांना चालवायला एएमडी तयार फर्मवेअर देते, आणि ते कर्नलच्या सोर्समध्ये नसतं, वेगळ्या पॅकेजमध्ये असतं. तुम्ही कर्नल ६.१२ केलात पण फर्मवेअर डेबियन १२ चं, २०२३ च्या सुमाराचं, तेच राहिलं. ड्रायव्हर कार्ड ओळखतो, त्याच्या नावाची फर्मवेअरची फाइल मागतो, ती नाही, मग तो हात वर करतो. बॅकपोर्ट्समधून एएमडीच्या फर्मवेअरचं नवं पॅकेज टाका, लिब-फर्मवेअरच्या आत एएमडीजीपीयूच्या फोल्डरात डीमेसेजमध्ये दिसणाऱ्या नावाची फाइल आली का ते डोळ्यांनी बघा, आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवायला विसरू नका, डिस्क माउंट व्हायच्या आधी लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा ते नव्याने बांधतं, ते विसरलं की फाइल डिस्कवर असूनही बूट होताना मिळत नाही आणि माणूस परत तिथेच.

अजून एक शंका आहे मला. तुम्ही मेन्युकॉन्फिगमध्ये एएमडीजीपीयूला स्टार दिलात की एम, म्हणजे मॉड्यूल? आपल्याला वाटतं महत्त्वाचा ड्रायव्हर आहे तर कर्नलमध्येच पक्का बसवू, म्हणून स्टार देतो. पण मग तो इतक्या लवकर उठतो की तुमची डिस्क अजून माउंट झालेली नसते, आणि फर्मवेअर इनिट्रॅमएफएसमध्ये नसेल तर त्याला ते मिळायचा मार्गच नाही. एम द्या. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला मी कायम एम देतो.

आणि तिसरा पाय मेसाचा. कर्नल कार्ड चालवतो, पण ओपनजीएल आणि व्हल्कन, म्हणजे प्रोग्राम ज्यांतून कार्डाकडून चित्र काढून घेतात ते, मेसा नावाचा लायब्रऱ्यांचा संच बघतो, आणि डेबियन १२ चा मेसासुद्धा तितकाच जुना आहे. अगदी नव्या कार्डाला तो ओळखत नसेल तर सगळं चित्र प्रोसेसरवर काढलं जातं, कामात रांगल्यासारखं वाटतं ते त्यामुळेही असू शकतं. जीएलएक्सइन्फो चालवून रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाईप, म्हणजे प्रोसेसरवर चित्र काढणारा रेंडरर, दिसतंय का बघा. दिसलं तर कर्नलच्या मागे लागू नका. तुमचं पोट या मशीनवर आहे, तुम्हाला मी सरळ डेबियन १३ टाकायला सांगेन. ६.१२ कर्नल त्यात मुळातच आहे, फर्मवेअर आणि मेसा त्याच काळातले, तिघं एकमेकांना ओळखणारे. त्यावर कार्ड चाललं तर स्वतः काहीच कंपाईल करायची गरज नाही.

प्रश्न : नोकरी हिंजवडीला, लॅपटॉप माझा स्वतःचा, विंडोज ११ आणि उबंटू दोन्ही आहे. कर्नल कंपाईल केला तर ग्रबमधून निवडल्यावर बॅड शिम सिग्नेचर म्हणून परत फिरवतो. मित्र म्हणतो बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद कर, दोन मिनिटांचं काम. करू का?

उत्तर : थांबा. सिक्युअर बूट ओळखीची सही नसलेला कर्नल उठू देत नाही, म्हणून तुमचा परत फिरतोय. पण आधी विंडोजमध्ये जाऊन बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप, चालू आहे का ते बघा. असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या किंवा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. सिक्युअर बूट बंद केल्यावर पुढच्या वेळी विंडोज ती अठ्ठेचाळीस आकडी की मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळा डेटा समोर असून हाताला लागत नाही. दोन मिनिटांचं काम म्हणणाऱ्याने हे सांगितलेलं नसतं.

की हाताशी आली की मग निवड तुमची. घरचा लॅपटॉप, शिकण्यापुरता कर्नल, तर बंद करून काम करा आणि झालं की परत चालू करा. कायम स्वतःचाच कर्नल वापरायचा असेल तर स्वतःची किल्ली बनवा, मोकयुटिलने ती नोंदवा, रिबूट झाल्यावर निळी स्क्रीन येते तिथे एन्रोल मोक निवडा आणि आधी दिलेला पासवर्ड टाका, आणि मग दर नव्या कर्नलवर एसबीसाईनने सही करत जा. बऱ्याच जणांना वाटतं की एनव्हिडिया टाकताना उबंटूने एक मोक किल्ली बनवून घेतली होतीच, तिनेच कर्नलवर सही करू. ती चालत नाही, ती फक्त मॉड्यूलपुरती असते. आणि उबंटूच्याच कर्नलवर असताना एनव्हिडिया लोड होत नसेल, की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस असं येत असेल, तर तिथे उलट तीच किल्ली नोंदवायची राहिलेली असते, निळ्या स्क्रीनवर घाईत कंटिन्यू बूट दाबलेलं असतं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, सदाशिव पेठेत राहते. जुना डेस्कटॉप आहे, आय३ चौथ्या पिढीचा, त्यात नंतर जीटी ७१० कार्ड बसवलेलं. विंडोज हळू चालायला लागलं म्हणून भाच्याने लिनक्स टाकून दिलं, मला ते फार आवडलं. मराठी टायपिंग, मेल, यूट्यूबवर कीर्तनं आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर. मध्यंतरी अपडेट झाल्यावर चित्र नीट येईना. भाचा म्हणतो कार्डाचा ड्रायव्हर नव्या कर्नलला चालत नाही, तो आता बंगळूरला असतो, फोनवरून म्हणाला की मी पुढच्या वेळी आलो की जुना कर्नल कंपाईल करून देतो. तोपर्यंत मी काय करू? नवीन कॉम्प्युटर घ्यावा का?

उत्तर : काकू, नवीन कॉम्प्युटर अजिबात घेऊ नका. भाच्याचं निदान बरोबर आहे. तुमचं कार्ड एनव्हिडियाच्या केप्लर नावाच्या पिढीचं आहे, आणि त्या पिढीला चालणारी ड्रायव्हरची शेवटची मालिका ४७०. तिच्यात आता नवीन भर पडत नाही, आणि कर्नल मात्र दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतो, तर त्यांची चुकामूक कधीतरी होणारच होती.

पण औषध मला पटत नाही. तुमच्यासाठी जुना कर्नल कंपाईल करून ठेवला तर त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण करणार? डिस्ट्रोचा कर्नल असला की त्या अपडेटबरोबर आपोआप येतात, हाताने बनवलेल्याला भाच्याने दर वेळी बंगळूरहून बसून बनवावं लागेल. तुम्ही बँकेची कामंही त्याच मशीनवर करत असाल तर हे मला योग्य वाटत नाही. ४७० ठेवायचाच असेल तर डेबियन १२ च्या नॉन-फ्री विभागात त्याचं पॅकेज आहे आणि डेबियन १२ ला दुरुस्त्या जून २०२८ पर्यंत मिळणार आहेत, भाच्याला तेवढं सांगा. दुसरा मार्ग म्हणजे एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून नूवो वापरायचा, तो कर्नलमध्येच असतो, टायपिंग-मेलला पुरतो.

पण मला विचाराल तर याहून सोपं आहे. तुमच्या आय३ मध्येच इंटेलचं ग्राफिक्स आहे, आणि तुमचा जेवढा वापर आहे तेवढ्याला ते पुरेसं आहे. त्याचा ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्येच राहतो, त्यामुळे कर्नल नवा आला तरी तो बरोबरच येतो, कोणाला काही जुळवत बसावं लागत नाही. भाच्याला फोनवर घेऊन एनव्हिडियाचं पॅकेज आधी काढून टाका, तो सांगेल तशी एकच ओळ टाईप करायची आहे. मग मशीन बंद करून प्लगमधून पिन काढा, मागे मॉनिटरची केबल कार्डाला लावलेली असेल, ती निळ्या तोंडाची असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना बोटांनी फिरवायचे स्क्रू असतात, ते आधी पूर्ण सोडवा, ओढू नका. बाजूचं झाकण उघडून कार्ड भाचा आल्यावर काढेल किंवा जवळच्या दुकानातला मुलगा पाच मिनिटांत काढून देईल, तुम्ही काढायला जाऊ नका, त्याला खाली एक खटका असतो तो न दाबता ओढलं तर मदरबोर्डची खाच तुटते. कार्ड निघालं की तीच केबल मदरबोर्डवर, यूएसबीच्या भोकांच्या शेजारी तसंच निळं तोंड असतं, तिथे लावा आणि मशीन सुरू करा.